उच्च दर्जाच्या ध्वनिक्षेपकांची निवड

उच्च दर्जाच्या ध्वनिक्षेपकांची निवड म्हणजे घरातील श्रवणकक्षासाठी ध्वनिक्षेपकांची योग्य जोडी ठरवण्याची प्रक्रिया होय. श्रवणकक्ष म्हणजे प्रामुख्याने ध्वनिमुद्रित संगीत ऐकण्यासाठी वापरली जाणारी खोली. ध्वनिक्षेपकाला बोलीभाषेत स्पीकर म्हणतात. संगीतयंत्रणेतील इतर घटकांच्या तुलनेत ऐकू येणाऱ्या ध्वनीत सर्वाधिक फरक स्पीकर आणि खोली या दोहोंमुळे पडतो. त्यामुळे स्पीकरची निवड ही वस्तुतः स्पीकर आणि खोली यांच्या जोडीची निवड ठरते. एका खोलीत उत्तम वाजणारा स्पीकर दुसऱ्या खोलीत घुमू शकतो किंवा पोकळ वाटू शकतो. हा दोष केवळ अधिक किंमत मोजून दूर होत नाही.

संज्ञा

ध्वनिक्षेपक विद्युत संकेताचे ध्वनीत रूपांतर करतो. दुर्बळ संकेताची शक्ती वाढवणाऱ्या साधनाला विवर्धक किंवा ॲम्प्लिफायर म्हणतात. 'उच्च दर्जा' या शब्दप्रयोगाला कोणतीही अधिकृत व्याख्या नाही. व्यवहारात तो महागड्या स्पीकरसाठी वापरला जातो. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने मात्र उच्च दर्जा म्हणजे मूळ संकेतात स्वतःची भर न घालता किंवा त्यातून काही न गाळता तो ध्वनिरूपात मांडण्याची क्षमता होय.

इतिहास

चुंबकीय क्षेत्रात हलणाऱ्या वेटोळ्यावर आधारित ध्वनिक्षेपकाचे पेटंट ऑलिव्हर लॉज यांनी १८९८ मध्ये घेतले. आजच्या बहुसंख्य स्पीकरचा पाया मात्र चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिकमधील अभियंत्यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामाने घातला गेला. १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर यांनी हवाबंद पेटीतील हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान आकारात खोल मंद्र ध्वनी मिळवला. १९५७ मध्ये पीटर वॉकर यांच्या क्वाड या ब्रिटिश कंपनीने पूर्ण स्थिरविद्युत पद्धतीचा स्पीकर बाजारात आणला. १९६० आणि १९७० च्या दशकांत नेव्हिल थील व रिचर्ड स्मॉल यांनी पेटीच्या रचनेला गणिती बैठक दिली. तोपर्यंत बऱ्याच अंशी अनुभवावर चालणारे हे काम त्यानंतर आकडेमोडीने करता येऊ लागले.

भारतात कोलकात्याची सोनोडाइन ही कंपनी १९७० पासून या क्षेत्रात आहे. पुण्याच्या केडन्स या कंपनीने स्थिरविद्युत पटल आणि पारंपरिक वूफर यांचा मेळ घालणारे स्पीकर बनवले. कोचीच्या रेथम या कंपनीने पूर्ण पल्ल्याच्या एकाच ध्वनिघटकावर आधारित रचना विकसित केल्या. मुंबईतील लॅमिंग्टन रोड ही इलेक्ट्रॉनिक्सची बाजारपेठ सुटे भाग घेऊन स्वतः पेट्या बांधणाऱ्या हौशी मंडळींमध्ये परिचित आहे.

रचना आणि प्रकार

चलवेटोळ्याच्या स्पीकरमध्ये तारेचे वेटोळे चुंबकीय फटीत मागे-पुढे हलते आणि त्याला जोडलेले पटल हवा ढकलते. मंद्र ध्वनीसाठी मोठे पटल म्हणजे वूफर, तर तार ध्वनीसाठी लहान पटल म्हणजे ट्वीटर वापरतात. संकेताची या दोन्हींत विभागणी करणाऱ्या मंडलाला क्रॉसओव्हर म्हणतात.

पेटीचे दोन प्रमुख प्रकार आहेत. हवाबंद पेटीचा मंद्र ध्वनी ठरावीक वारंवारतेखाली दर सप्तकामागे सुमारे १२ डेसिबलने घटतो. नळी किंवा पोर्ट असलेल्या पेटीत तो अधिक खोलवर टिकतो, पण त्यानंतर सुमारे २४ डेसिबलने घटतो. हवाबंद पेटीची हळूहळू होणारी घट लहान खोलीला सहसा सोयीची पडते, कारण खोली स्वतःच मंद्र ध्वनीला बळ देते. स्थिरविद्युत स्पीकरचे पातळ पटल पुढे आणि मागे दोन्हीकडे ध्वनी सोडते. त्यामुळे त्याच्यामागे बरीच मोकळी जागा लागते. कर्णा असलेले स्पीकर थोड्या विद्युतशक्तीत मोठा ध्वनी देतात, परंतु आकाराने मोठे असतात.

खोलीचा प्रभाव

खोलीची मापे

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठरावीक वारंवारतांना स्थिर तरंग निर्माण होतात. यातील सर्वांत खालची वारंवारता काढण्यासाठी ध्वनीच्या वेगाला भिंतींमधील अंतराच्या दुपटीने भागतात. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरल्यास १४ फूट लांब, १२ फूट रुंद आणि १० फूट उंच खोलीत या वारंवारता अनुक्रमे सुमारे ४०, ४७ आणि ५६ हर्ट्‌झ येतात. त्या एकमेकींपासून वेगळ्या असल्यामुळे खोलीचा परिणाम थोडाफार विभागला जातो.

महाराष्ट्रातील घरांत सर्रास आढळणारी 'दहा बाय दहा'ची खोली या दृष्टीने अडचणीची असते. स्लॅबची उंचीही दहा फूट असेल, तर खोली घनाकृती होते आणि तिन्ही दिशांचे स्थिर तरंग ५६ हर्ट्‌झलाच एकत्र येतात. त्यांचे पुढचे गुणितही ११२ हर्ट्‌झला एकत्र येतात. अशा खोलीत काही मंद्र स्वर अनावश्यक फुगतात आणि शेजारचे स्वर दबतात. येथे मोठ्या वूफरचा स्पीकर ठेवल्यास दोष वाढतो. मर्यादित मंद्र पल्ल्याचा लहान स्पीकर येथे अधिक समतोल वाटू शकतो.

बांधकामाचाही परिणाम होतो. लाकडी सांगाड्यावर पातळ पाट्या ठोकून केलेल्या पाश्चात्त्य घरांच्या भिंती मंद्र ध्वनीने किंचित थरथरतात आणि त्याचा काही भाग शोषतात. वीट, सिमेंट आणि स्लॅबच्या घरात तो ध्वनी खोलीतच परत फिरतो. त्यामुळे परदेशी परीक्षणांत 'मंद्र थोडा कमी' ठरलेला स्पीकर भारतीय खोलीत पुरेसा वाटू शकतो, आणि तेथे 'भरदार' ठरलेला येथे जड वाटू शकतो.

निनाद

ध्वनी थांबल्यावर तो खोलीत किती वेळ रेंगाळतो, हे निनादकालाने मोजतात. ध्वनीची पातळी ६० डेसिबलने घटण्यास लागणारा वेळ म्हणजे निनादकाल. वॉलेस सॅबिन यांच्या सूत्रानुसार खोलीचे घनफळ जितके अधिक आणि शोषण जितके कमी, तितका निनादकाल जास्त असतो. वर उल्लेखिलेली १४ बाय १२ बाय १० फुटांची खोली रिकामी असून तिच्या पृष्ठभागांचे सरासरी शोषण ४ टक्के धरले, तर निनादकाल सुमारे २.४ सेकंद येतो. गाद्या, जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांची कपाटे यांमुळे सरासरी शोषण २० टक्क्यांवर गेले, तर तो सुमारे अर्ध्या सेकंदावर येतो. गुळगुळीत गिलावा, फरशी आणि काचेच्या खिडक्या असलेल्या खोलीत द्रुत तानेतील स्वर एकमेकांत मिसळतात. हा दोष अनेकदा स्पीकरच्या माथी मारला जातो.

पातळ सतरंजी आणि पडदे केवळ मध्यम व तार ध्वनी शोषतात, मंद्र ध्वनीवर त्यांचा परिणाम नगण्य असतो. सगळ्या भिंती पातळ फोमने मढवल्यास खोली वरून मूक आणि खालून घुमणारी होते.

भिंतीपासूनचे अंतर

स्पीकरमधून निघालेला मंद्र ध्वनी मागच्या भिंतीवर आपटून परत येतो. भिंतीपर्यंतचे अंतर तरंगलांबीच्या पाव भागाइतके असेल, तर परतलेला तरंग मूळ तरंगाच्या विरुद्ध अवस्थेत येऊन त्याला क्षीण करतो. स्पीकरचे तोंड मागच्या भिंतीपासून २ फुटांवर असल्यास हा खड्डा सुमारे १४० हर्ट्‌झला पडतो. 'काळी एक' पट्टीचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्‌झचा आहे. म्हणजे काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा आधारस्वरच दुबळा होऊ शकतो. उपस्वरांमुळे कानाला स्वर ओळखता येतो, पण आवाजाचा भरीवपणा हरवतो. स्पीकर काही इंच पुढे-मागे केल्याने हा खड्डा सरकतो. या प्रयोगास कोणताही खर्च येत नाही, म्हणून स्पीकर बदलण्याआधी तो करावा असे सुचवले जाते.

दोन्ही स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण होईल अशी मांडणी रूढ आहे. खोलीच्या लांबीच्या नेमक्या मध्यावर बसल्यास सर्वांत खालच्या स्थिर तरंगाचा दाब तेथे किमान असल्यामुळे मंद्र ध्वनी गायब झाल्यासारखा वाटतो. पाठीमागच्या भिंतीला टेकून बसल्यास तोच अवास्तव वाढतो.

संगीतप्रकार आणि स्पीकरचा पल्ला

स्पीकरने किती खाली जावे, हे ऐकल्या जाणाऱ्या संगीतावर अवलंबून असते. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्‌झची असते. स्त्री गायिकांच्या काळी चार किंवा काळी पाच या पट्ट्यांत खर्ज सुमारे १०४ ते ११७ हर्ट्‌झवर येतो. म्हणजे हिंदुस्थानी गायनासाठी ६० हर्ट्‌झपर्यंत समतोल राहणारा स्पीकर बहुतांशी पुरेसा ठरतो. चित्रपटांतील स्फोट, पाइप ऑर्गन किंवा इलेक्ट्रॉनिक संगीत यांसाठी ३० हर्ट्‌झ व त्याखालचा पल्ला लागतो. त्यासाठी मोठे स्पीकर किंवा वेगळा सबवूफर आवश्यक असतो.

तार ध्वनीचेही महत्त्व तितकेच आहे. तानपुऱ्याची जवारी म्हणजे उपस्वरांची समृद्ध साखळी होय. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० च्या सुमारास तबला-मृदंगाच्या पुडीतील आणि तानपुरा-वीणेच्या घोडीतील उपस्वरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे उपस्वर अनेक हजार हर्ट्‌झपर्यंत पोहोचतात. वूफर आणि ट्वीटर यांचा सांधा नीट जुळला नसेल, तर तानपुरा अखंड न वाटता दोन ठिकाणांहून वाजल्यासारखा वाटतो. म्हणूनच तानपुऱ्याचे ध्वनिमुद्रण स्पीकरच्या परीक्षेसाठी उपयुक्त असते.

जुन्या ध्वनिमुद्रणांची गरज आणखी वेगळी असते. विद्युत ध्वनिमुद्रण १९२५ पासून रूढ होऊ लागले. त्याआधीच्या, कर्ण्यात गाऊन केलेल्या तबकड्यांत अतिमंद्र आणि अतितार ध्वनी जवळपास नसतातच. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरील नाट्यसंगीत प्रामुख्याने ऐकणाऱ्या श्रोत्याला खोल मंद्र पल्ल्यासाठी दिलेली जादा किंमत उपयोगी पडत नाही. त्याला मध्यम पट्ट्यात निर्दोष असलेला स्पीकर हवा. १९७० च्या दशकात बीबीसीच्या अभियंत्यांनी लहान जागेत मानवी आवाज तपासण्यासाठी तयार केलेला एलएस३/५ए हा छोटा स्पीकर याच गुणामुळे घरगुती श्रोत्यांतही लोकप्रिय झाला.

विवर्धकाशी जुळणी

स्पीकरची संवेदनशीलता साधारणपणे एक वॅट शक्ती दिली असता एक मीटरवर मिळणाऱ्या ध्वनिपातळीने दर्शवतात. ध्वनिपातळी ३ डेसिबलने वाढवण्यासाठी विवर्धकाची शक्ती दुप्पट, तर १० डेसिबलने वाढवण्यासाठी दसपट करावी लागते. श्रोता ३ मीटरवर असून त्याच्या जागी क्षणिक कमाल पातळी ९५ डेसिबल हवी असेल आणि खोलीकडून मिळणारी मदत वगळली, तर ८६ डेसिबल संवेदनशीलतेच्या जोडीला प्रत्येकी सुमारे ३५ वॅट लागतात. ९२ डेसिबलच्या जोडीला सुमारे ९ वॅट पुरतात. त्यामुळे कमी शक्तीच्या व्हॉल्व्ह विवर्धकाबरोबर उच्च संवेदनशीलतेचे स्पीकर निवडले जातात.

विद्युत संरोध ओहममध्ये मोजतात. माहितीपत्रकातील ८ ओहम हा नाममात्र आकडा असतो, प्रत्यक्षात संरोध वारंवारतेनुसार बदलतो. तो काही ठिकाणी ३ ओहमपर्यंत उतरत असेल, तर विवर्धक तेवढा विद्युतप्रवाह पुरवू शकतो का, हे पाहावे लागते.

मोजमापे

कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी केलेल्या आणि १९८५-८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून एक महत्त्वाचा निष्कर्ष पुढे आला. कोणता स्पीकर वाजतो आहे हे श्रोत्यांना माहीत नसताना त्यांची पसंती बरीच समान येते. समोरच्या दिशेला सपाट आणि बाजूच्या दिशांनाही सुरळीत प्रतिसाद देणारे स्पीकर त्यांना आवडतात. बाजूला फेकला जाणारा ध्वनी भिंतींवरून परतून श्रोत्यापर्यंत येत असल्यामुळे केवळ समोरचा आलेख पुरेसा नसतो. याच संशोधनाच्या धर्तीवर पुढे आलेल्या सीटीए-२०३४ या अमेरिकी मानकात स्पीकर आडव्या आणि उभ्या अक्षांभोवती दर १० अंशांनी फिरवून ७० मोजमापे घेतली जातात.

माहितीपत्रकातील 'वॅट' हा आकडा स्पीकर किती शक्ती सहन करतो हे सांगतो. तो ध्वनीच्या दर्जाचा निदर्शक नाही. '४० हर्ट्‌झ ते २० किलोहर्ट्‌झ' असा पल्ला देताना घट किती डेसिबलची धरली आहे हे नमूद नसेल, तर त्या आकड्यावरून तुलना करता येत नाही.

तुलनात्मक श्रवण

दोन स्पीकरची तुलना करताना त्यांची ध्वनिपातळी समान करणे ही पहिली अट असते. हार्वे फ्लेचर आणि विल्डेन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवल्याप्रमाणे, पातळी वाढली की कानाला मंद्र ध्वनी तुलनेने अधिक जाणवतो. त्यामुळे किंचित मोठ्याने वाजणारा स्पीकर अधिक भरदार आणि म्हणून अधिक चांगला वाटतो. शॉन ऑलिव्ह आणि टूल यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या प्रयोगात स्पीकर डोळ्यांना दिसत असताना आकार, किंमत आणि नाममुद्रा यांचा श्रोत्यांच्या गुणांकनावर परिणाम होतो, असे आढळले. पडद्याआड ठेवून ऐकल्यास ही अडचण कमी होते.

तुलनेसाठी पुढील बाबी पाळल्या जातात :

– परिचित ध्वनिमुद्रणे वापरणे. त्यांत एक स्त्री आवाज, एक पुरुष आवाज, तबला आणि तानपुरा असावा.
– एकल मार्गिकेचे म्हणजे मोनो ध्वनिमुद्रण दोन्ही स्पीकरवर एकदम वाजवणे. जोडी जुळलेली असल्यास आवाज नेमका दोहोंच्या मध्ये उभा राहतो.
– हळू आवाजातही ऐकणे. शांत आलापीतील बारकावे टिकतात का, हे तेव्हाच कळते.
– दोन-चार मिनिटांऐवजी सलग तासभर ऐकणे. झगमगीत तार ध्वनी प्रथम आकर्षक वाटला, तरी कालांतराने कानाला शीण आणतो.

मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या गावांतील निवड

उच्च दर्जाच्या स्पीकरची श्रवणदालने प्रामुख्याने मोठ्या शहरांत असतात. यवतमाळ शहरालगतच्या, औद्योगिक वसाहत असलेल्या लोहारा येथील रहिवाशाला सर्वांत जवळचे महानगर म्हणजे सुमारे १५० किलोमीटरवरील नागपूर होय. दालनात ऐकलेला ध्वनी हा दालनाच्या खोलीचाही ध्वनी असतो. गालिचे आणि ध्वनिशोषक पट्ट्या लावलेल्या खोलीतील अनुभव फरशीच्या दिवाणखान्यात जसाच्या तसा मिळत नाही. त्यामुळे अशा ठिकाणी तीन गोष्टींना अधिक महत्त्व येते : स्वतंत्रपणे घेतलेली मोजमापे, घरी ऐकून परत करण्याची लेखी मुभा आणि दुरुस्तीची सोय. जड स्पीकर दुरुस्तीसाठी परत पाठवणे खर्चाचे असल्यामुळे सुटे पटल जागेवर बदलता येते का, याची चौकशी आधीच करावी लागते.

विदर्भातील हवामानाचाही निवडीशी संबंध आहे. उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि घरोघरी कूलर चालतात. कूलरचा पंखा आणि पाण्याचा आवाज संगीतातील सर्वांत मंद भाग झाकून टाकतो. तानपुऱ्याचा विरत जाणारा झंकार, मिंडेचा शेवट आणि श्वासाची जागा या गोष्टी त्यात प्रथम हरवतात. दोन महागड्या स्पीकरमधील सूक्ष्म फरक चालू कूलरमध्ये ऐकू येईलच असे नाही. म्हणून तुलना कूलर बंद ठेवून, शक्यतो रात्रीच्या शांततेत केली जाते. कूलरमुळे आणि पावसाळ्यात हवेतील दमटपणा वाढतो. पटलाच्या कडेला पॉलियुरेथेन फोमचे वेष्टन असेल, तर ते उष्णता आणि ओलाव्याने काही वर्षांत भुरभुरते. रबरी वेष्टन त्या मानाने टिकाऊ असते. ज्या स्पीकरमध्ये विवर्धक अंगभूत असतो, त्यांच्यासाठी विजेचा दाब कमी-जास्त होत असल्यास योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझर आणि चांगले अर्थिंग आवश्यक ठरते.

खोलीचा प्रतिसाद घरीच मोजता येतो. त्यासाठी संगणकाला जोडायचा मोजणीचा मायक्रोफोन आणि 'रूम इक्यू विझार्ड'सारखी विनामूल्य संगणकप्रणाली पुरते. खरेदीपूर्वी एखाद्या साध्या स्पीकरवर असे मोजमाप घेतल्यास खोली कोणत्या वारंवारतेला घुमते हे कळते आणि निवडीचा परीघ लहान होतो.

खर्चाची विभागणी

सर्व रक्कम स्पीकरवर खर्च करण्याऐवजी तिचा काही भाग खोलीसाठी राखून ठेवणे अनेकदा अधिक फलदायी ठरते. पुस्तकांनी भरलेले कपाट, जाड गादी आणि कोपऱ्यांत जाड तंतुमय शोषक ही तुलनेने स्वस्त साधने आहेत. मोजमापावर आधारित संगणकीय सुधारणेने मंद्र भागातील फुगवटे कमी करता येतात. मात्र तरंग एकमेकांना छेदून पडलेला खड्डा त्या पद्धतीने भरता येत नाही. तेथे अधिक शक्ती दिली, तरी परतणारा तरंगही तितकाच मोठा होतो.

कायदेशीर मर्यादा

ध्वनिप्रदूषण (नियमन आणि नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात ध्वनिपातळीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६ हा काळ. खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज संबंधित जागेच्या सीमेवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढता कामा नये. मंद्र ध्वनी भिंती आणि स्लॅबमधून सर्वाधिक पलीकडे जातो. त्यामुळे सामाईक भिंतीच्या घरांत किंवा सदनिकांत मोठ्या वूफरचा स्पीकर पूर्ण क्षमतेने वापरण्याची संधी क्वचितच मिळते. अशा घरात हळू आवाजात तपशील राखणारा स्पीकर अधिक उपयुक्त असतो.

हेही पाहा

ध्वनिशास्त्र
निनाद
विवर्धक
तानपुरा
ध्वनिमुद्रण